एअर रायफल : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

एअर रायफलच्या पत्रांत या वेळीही 'ताकद कमी झाली' हीच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. बाकीची थोडक्यात.

प्रश्न (परभणी) : माझ्याकडे नळी मोडून ताणायची .१७७ ची स्प्रिंग रायफल आहे. आधी १० मीटरवरून पत्र्याचा डबा आरपार व्हायचा, आता नुसता पोचा पडतो. नळीच्या भोकातून तेल सोडलं तेव्हा दोन-चार बार मोठ्या आवाजात, धूर काढत निघाले. नंतर रायफल आणखीच ढिली पडली. दुकानदार जास्त ताकदीची स्प्रिंग टाकायला सांगतो. टाकू का?

उत्तर : नका टाकू. स्प्रिंगचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि तेलाने काय झालं ते आधी समजून घ्या. चाप ओढला की पिस्टन झपाट्याने पुढे येतो, समोरची हवा दाबली जाते आणि भयंकर तापते. त्या हवेत तेल असलं की डिझेल इंजिनात घडतं तेच इथे घडतं : तेल पेटतं आणि छोटासा स्फोट होतो. तो मोठा आवाज म्हणजे ताकद नव्हे. स्फोटाने पिस्टन मागे फेकला जातो, पिस्टनच्या तोंडावर हवा अडवणाऱ्या वॉशरची पातळ कड जळते आणि स्प्रिंगला बाक येतो. तुमच्या रायफलचं बहुधा हेच झालं आहे.

तपास बाहेरून आत करत जा. आधी छर्रे. उघड्या डब्यात पडून काळे-पांढरे झालेले, मागचा घेर चेपलेले छर्रे नळीत नीट बसत नाहीत आणि हवा बाजूने निसटते. नवी डबी आणून दहा छर्रे मारून बघा. फरक नाही पडला, तर नळी जिथे मोडते त्या सांध्यावरचं रबरी सील, म्हणजे ओ-रिंग, बघा. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा भरा आणि सुरक्षित दिशेला एक बार काढा. पट्टी उडाली किंवा फडफडली, तर हवा तिथूनच जाते आहे. जुनी ओ-रिंग टाचणीने उचकटून काढा, खाचेचा व्यास आणि खोली व्हर्नियरने मोजा आणि त्याच मापाची नायट्राइल रबराची ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानातून आणा. बसवल्यावर ती लोखंडाच्या पातळीपेक्षा नखाला जाणवेल इतकीच वर हवी. खोल गेली तर खाली प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची चकती घाला. जास्त वर आली तर नळी पूर्ण बंद होणार नाही आणि छर्रे वर-खाली लागतील.

सील ठीक निघालं तरच रायफल उघडायची, आणि तीही कॉम्प्रेसरशिवाय नाही. हवा दाबायचा नव्हे, स्प्रिंग दाबून धरायचा. रायफल ताणलेली नसतानाही आतली स्प्रिंग काही सेंटिमीटर दाबलेली असते. पिन काढल्याबरोबर मागचा ठोकळा बंदुकीच्या गोळीसारखाच सुटतो आणि तोंडावर येऊ शकतो. वेल्डरकडून अँगलची चौकट आणि एका टोकाला जाड आट्यांचा बोल्ट, एवढ्यात कॉम्प्रेसर तयार होतो. रायफल रिकामी आहे आणि ताणलेली नाही याची खात्री करा, दस्त्याचे स्क्रू काढा, रायफल चौकटीत बसवा आणि बोल्टने मागून किंचित दाब द्या. पिन सैल हलायला लागली की ती काढा. मग बोल्ट एकेक आटा सोडत स्प्रिंग पूर्ण मोकळी होऊ द्या.

आता तीन गोष्टी बघा. वॉशरची कड जळून काळी झाली, चिरली किंवा कडक पडली असेल तर वॉशर बदला. स्प्रिंग सपाट काचेवर लोळवा. थुडथुड उडत गेली तर वाकडी झाली आहे, ती बदला. बदलतानाही कंपनीच्या मापाचीच घ्या. तिसरं, पिस्टन फिरतो त्या नळकांड्यात उभे ओरखडे आहेत का ते टॉर्च लावून बघा. आतलं जुनं तेल सुती कापडाने अगदी कोरडं पुसून काढा. वॉशरच्या बाजूंना मॉली पेस्टचा (मॉलिब्डेनमचं काळं वंगण) बोटाने पुसून घेतलेला थर पुरे. वॉशरच्या तोंडावर, म्हणजे नळीकडच्या बाजूला, काहीच नको. स्प्रिंगला घट्ट ग्रीसचा पातळ हात द्या. पहिल्या वीस-तीस बारांना थोडा वास येईल, तो आपोआप जातो.

जास्त ताकदीच्या स्प्रिंगबद्दल : नळकांड्यात मावणारी हवा तेवढीच राहते, त्यामुळे वेग नावापुरता वाढतो. धक्का मात्र चांगलाच वाढतो. स्क्रू ढिले होतात, दुर्बीण बिघडते, वॉशर लवकर जातो. छर्रा न भरता बार काढायची सवय असेल तर तीही सोडा. समोर अडलेल्या हवेची गादी नसली की पिस्टन थेट लोखंडावर आपटतो.

प्रश्न (जालना) : एअर रायफलला परवाना लागतो का? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर : शस्त्र नियम २०१६ मध्ये दोन मर्यादा आहेत : नळीचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूल. दोन्हींच्या आत असलेल्या रायफलला परवाना लागत नाही. .२२ च्या एअर रायफलला लागतो, ती कितीही ढिली असो. ऊर्जा काढायची तर क्रोनोग्राफवर वेग मोजा. छर्ऱ्याचं वजन किलोत, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ७.९ ग्रेनचा छर्रा ०.५१२ ग्रॅम भरतो. तो सेकंदाला १९८ मीटरने गेला तर ऊर्जा सुमारे १० जूल. १० मीटरच्या कागदी लक्ष्याला एवढी भरपूर झाली.

प्रश्न (लातूर) : नवी रायफल, नवी दुर्बीण, तरी १० मीटरवर छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. वाळूच्या पिशवीवर घट्ट टेकवून धरली तर आणखी वाईट.

उत्तर : घट्ट धरणं हीच चूक आहे. स्प्रिंग रायफलमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टनचा धक्का आधी मागे आणि मग पुढे बसतो. रायफल दरवेळी सारखी हलली तर छर्रा सारख्याच जागी जातो. म्हणून पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता ठेवा, बोटं मिटू नका, खांद्याला हलकी टेकवा आणि हात दरवेळी त्याच जागी ठेवा. दस्त्यावर पेन्सिलची खूण करून ठेवली तर सोपं जातं.

त्याआधी दस्त्याचे सगळे स्क्रू आवळा. स्प्रिंग रायफलीत ते शंभर-दोनशे बारांत सुटतात. दुर्बिणीचे माउंट सरकताहेत का ते बघायला कडेला मार्करची रेघ ओढा. दुर्बीण एअर रायफलसाठीच बनवलेली हवी. साधी दुर्बीण फक्त मागचा धक्का सोसते, पुढचा नाही, आणि आतली तार तुटते.

मग ७ ते ८.५ ग्रेनमधल्या तीन-चार प्रकारच्या डब्या घेऊन प्रत्येकी पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारा. एकाच कंपनीच्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे मानवतात. १० मीटरच्या कागदावर सपाट डोक्याचे, २५ मीटरवर गोल डोक्याचे बरे. तरीही गट जुळेना तर नळी साफ करा : मासे धरायच्या तंगुसाला कापडाचा तुकडा बांधून मागून पुढे ओढा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतरचे पंधरा-वीस छर्रे गटात धरू नका, नळी बसायला तेवढे लागतात.

प्रश्न (बीड) : हुरड्याच्या ज्वारीवर पाखरं पडतात. एअर रायफलने हाकलली तर चालेल का?

उत्तर : नाही. पोपट, मोर आणि इतर रानपाखरांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. रायफलला परवाना लागत नाही म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही. शिवाय चुकलेला छर्रा शंभर-दोनशे मीटर लांब बांधापलीकडे कुणाच्या तरी डोळ्याला लागू शकतो. पाखरं राखायला माळ्यावरची गोफण आणि चमकती फीत पुरते.

प्रश्न (हिंगोली) : जुनी रायफल घेतोय. काय बघू?

उत्तर : स्क्रूच्या खाचा आणि पिनांची डोकी घासलेली असतील तर ती कुणीतरी उघडली आहे. का उघडली ते विचारा. नळी बंद करून हाताने डावी-उजवी हलवा, जराही खेळ नको. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवा. तंतू अडकले तर कड दुखावली आहे आणि नेम कधीच पक्का बसणार नाही. ताणून छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवा, चाप झिजलेला असला तर नळी उसळून बोटं चेचते. शेवटी दहा छर्रे स्वतः मारा. मूळ बिल, त्यावरचा आणि रायफलवरचा क्रमांक, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तारखेसह सही एवढं घ्या. बिलावर .१७७ लिहिलेलं नसेल तर व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न (नांदेड) : पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) संध्याकाळी पंपाने २०० बार दाबापर्यंत भरतो, सकाळी १८५ दिसतात. गळते आहे का?

उत्तर : लगेच तसं म्हणू नका. पंप मारताना हवा तापते. सिलिंडरमधली हवा ५० अंशांवरून २५ वर आली की २०० बारचे १८५ च होतात. गार झाल्यावर आकडा लिहून ठेवा आणि बरोबर चोवीस तासांनी, त्याच वेळी, पुन्हा बघा. तेव्हाही उतरला तर साबणाचं पाणी सांध्यांवर लावा. बुडबुडे दिसतील तिथली ओ-रिंग गेली. हवा पूर्ण सोडल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा.

मराठवाड्याच्या उन्हात याचं उलटं होतं. घरात २५ अंशांना २०० भरलेली रायफल बंद गाडीत ६० अंशांना गेली तर काटा २२३ वर जातो. म्हणून मे महिन्यात १७० ते १८० वर थांबा आणि रायफल गाडीत ठेवू नका. पंपाच्या फिल्टरमधले सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की बदला, नाहीतर पावसाळ्यात सिलिंडर आतून गंजतो. ऑक्सिजनच्या नळकांड्यातून कधीही भरू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा एक थेंबही स्फोट करतो.

प्रश्न (धाराशिव) : गच्चीवर १० मीटरची जागा आहे. लक्ष्यामागे काय ठेवू?

उत्तर : दगडी भिंत किंवा काँक्रीट अजिबात नको, छर्रा उलटा येतो. ४० सेंमी चौरस, २० सेंमी खोल लाकडी पेटी करा. आत ३ मिमीचा लोखंडी पत्रा, वरची कड तुमच्याकडे झुकलेली असा तिरपा लावा, म्हणजे छर्रे खाली पडतील. पुढे जुन्या गोधडीचे तुकडे कोंबा. पेटीमागे वाळू भरलेली बारदानं छातीच्या उंचीपर्यंत रचा आणि गच्चीचं दार गच्चीच्या बाजूने कडी लावून बंद ठेवा. कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर येऊ द्या. स्पर्धेच्या कार्डावरचा काळा गोल ३०.५ मिमी असतो आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. पेटीत साचलेलं शिसं दर महिन्याला काढा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.