उत्तर: २/३ + ३/४ = ५/७ लिहिणाऱ्या धाकट्या भावासाठी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. पाढे पाठ, लसावि काढता येतो, तरी गृहपाठात २/३ + ३/४ = ५/७ लिहून मोकळा होतो. तू रीत दाखवलीस की तेवढं गणित बरोबर येतं, पुढच्या गणितात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग तुझा आवाज चढतो आणि त्याची वही बंद होते.

लसाविचा आणखी सराव करून घेऊ नकोस. त्याचं घोडं लसाविच्या अलीकडेच अडलंय. त्याला २/३ ही एक संख्या म्हणून दिसतच नाही. रेघेच्या वर एक आकडा आणि खाली दुसरा, एवढंच दिसतं. मग बेरीज म्हटल्यावर वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवणं त्याला अगदी सरळ वाटतं.

यात वाचण्याच्या पद्धतीचाही हात आहे. सेमीची मुलं 'टू बाय थ्री' म्हणतात, मराठी माध्यमाची 'दोन छेद तीन'. दोन्हींत दोन सुटे आकडेच कानावर पडतात. आठवडाभर घरी 'दोन तृतीयांश', 'तीन चतुर्थांश', 'पाच अष्टमांश' असंच वाचायचं, असा नियम कर. आता 'तृतीयांश' हे वस्तूचं नाव झालं आणि 'दोन' ही त्याची मोजणी. दोन पेरू आणि एक पेरू मिळून तीन पेरू होतात, तसे दोन पंचमांश आणि एक पंचमांश मिळून तीन पंचमांश. छेद तोच का राहतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. (बाराच्या छेदाला 'बारावा भाग' म्हटलं तरी चालेल, द्वादशांशाचा हट्ट नको.) आणि दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश म्हणजे दोन पेरू अधिक तीन चिकू. 'पाच' म्हणशील, पण पाच काय? हा प्रश्न त्याच्या तोंडून आला की समच्छेद करण्याची, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे करण्याची गरज त्याची त्याला कळलेली असते.

५/७ कुठून येतं तेही समजून घे, कारण एका ठिकाणी ही रीत खरोखरच बरोबर असते. एका चाचणीत २० पैकी १५ आणि दुसरीत ३० पैकी २१ पडले, तर एकूण ५० पैकी ३६. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत. मार्कांची बेरीज तो पहिलीपासून अशीच करतोय, तेव्हा 'असं कधी करायचंच नाही' म्हणालास तर तो मनातल्या मनात तुलाच चूक ठरवेल. फरक असा सांग: मार्कांमध्ये दुसरी चाचणी आली की पूर्ण भागही मोठा होतो, २० चा ५० होतो. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण भाग तोच राहतो. एकाच लांबीच्या पट्टीचा दोन तृतीयांश आणि तेवढ्याच पट्टीचा तीन चतुर्थांश.

त्यानंतर त्याच्याच रीतीने त्याला पाव आणि अर्ध्याची बेरीज करू दे. १/४ + १/२ = २/६, म्हणजे १/३. आता विचार: पाव किलो साखरेत अर्धा किलो ओतली, तर पिशवीत अर्ध्या किलोपेक्षा कमी कशी उरली? खरं उत्तर त्याला माहीत असतं, पाऊण किलो. २५० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम, ७५० ग्रॅम. घड्याळात पाव तास आणि अर्धा तास, पाऊण तास. मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटे शब्द आहेत आणि मूल ते बाजारात, घड्याळात रोज ऐकतं, हे आयतं भांडवल आहे. घरात आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ असतील तर एक संध्याकाळ त्यांच्याकडे सोपव.

(वरचे-खालचे मिळवून येणारं उत्तर, छेद वेगळे आणि किंमती वेगळ्या असल्या की, नेहमी दोन्ही अपूर्णांकांच्या मधे पडतं. ५/७ हे २/३ पेक्षा थोडं मोठं आणि ३/४ पेक्षा थोडं लहान आहे. म्हणजे बेरीज मोठ्या संख्येपेक्षाही कमी. चूक पकडायला ही खूण पुरते.)

आता पट्टी. चौकडीच्या वहीत १२ चौकोन लांब आणि एक चौकोन रुंद अशा तीन पट्ट्या एकाखाली एक काढ. भाकरी किंवा पिझ्झाचे गोल काढू नकोस; गोलाचे तीन सारखे भाग हाताने नीट होत नाहीत आणि वाकडे भाग पाहून मूल आणखी गोंधळतं. पहिल्या पट्टीचे तीन सारखे भाग केले की प्रत्येकात ४ चौकोन. दोन तृतीयांश रंगवले, ८ चौकोन. दुसरीचे चार भाग, प्रत्येकात ३ चौकोन, तीन चतुर्थांश म्हणजे ९ चौकोन. ८ आणि ९ मिळून १७. तिसऱ्या पट्टीत १२ च मावतात, तेव्हा एक पट्टी पूर्ण भरून ५ चौकोन उरले: १ पूर्णांक ५/१२. अजून लसाविचं नावही काढलेलं नाही आणि उत्तर आलं. '१२ च चौकोन का घेतले? १० का नाही?' असं तूच विचार. १० चे तीन सारखे भाग चौकोन न कापता होत नाहीत, हे त्याने करून पाहावं. छेदांचा लसावि म्हणजे दोन्ही वाटण्या जिथे चौकोन न फोडता जमतात ती सगळ्यांत लहान पट्टी.

काही मुलांना पट्टीपेक्षा आयत बरा पडतो: ३ ओळी, ४ उभे रकाने. दोन ओळी म्हणजे २/३, ८ घरं. तीन रकाने म्हणजे ३/४, ९ घरं. पण दोन्ही रंग एकाच आयतात भरू नकोस. तसं केलं तर ६ घरं दोनदा रंगतात आणि ती दुहेरी घरं बेरीज नाही, गुणाकार दाखवतात. सारखे दोन आयत शेजारी शेजारी काढ.

वहीतली मांडणी अशी करून घे:

२/३ + ३/४
= (२ × ४)/(३ × ४) + (३ × ३)/(४ × ३)
= ८/१२ + ९/१२
= १७/१२
= १ ५/१२

दुसरी ओळ गाळू देऊ नकोस. 'लसावि १२, बाराला तीनने भागलं चार, चार दुणे आठ' असं तोंडी पुटपुटून थेट तिसरी ओळ लिहिणाऱ्यांच्या वहीत २/१२ + ३/१२ सापडतं: छेद बदलला, अंश तसाच राहिला. वर आणि खाली एकाच संख्येने गुणलं तर ४/४ म्हणजे १ नेच गुणलं, किंमत बदलली नाही. ही गोष्ट दुसऱ्या ओळीत डोळ्यांसमोर असते. तरीही अंशाला भलत्याच संख्येने गुणत असेल, तर गुणक आधी पेन्सिलीने वर-खाली लिहायचे आणि गुणाकार मग. एक खबरदारी मात्र घे: शाळेच्या वहीत बाईंनी एकाच लांब रेघेवर (२ × ४ + ३ × ३)/१२ अशी मांडणी शिकवली असेल, तर शाळेची वही तशीच राहू दे. कच्च्या वहीत तुझी मांडणी, पक्क्या वहीत बाईंची. दोन्ही एकच आहेत हे एकदा शेजारी लिहून दाखव.

तिरक्या गुणाकाराची युक्ती (वरचा याचा, खालचा त्याचा) कोणीतरी त्याला शिकवेलच. उत्तर बरोबर येतं, पण तीन अपूर्णांक आले की ती तिथेच अडते, आणि अपूर्णांकांचा गुणाकार आला की मुलं तिथेही तिरकं गुणायला लागतात. माझं मत: समच्छेद पक्का होईपर्यंत ती दूर ठेवावी.

छेदांकडे पाहण्याच्या तीनच तऱ्हा आहेत. एक छेद दुसऱ्याच्या पाढ्यात असेल (४ आणि ८), तर मोठा छेद घ्यायचा, एकच अपूर्णांक बदलायचा. दोघांत १ शिवाय सामाईक काही नसेल (३ आणि ४, ५ आणि ७), तर सरळ गुणाकार. खरी मेहनत तिसऱ्या तऱ्हेत, ६ आणि ४ किंवा ८ आणि १२ अशा जोड्यांत. इथे उभी भागाकाराची मांडणी करण्याऐवजी मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा आणि लहान छेदाने भाग जाईल तिथे थांबायचं: १२ ला आठने भाग जात नाही, २४ ला जातो, झालं.

याहून नीटस रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये दिलेली आहे. समच्छेद हा शब्दही तिथे आहे. आधी त्यांनी साधी रीत सांगितली, एकमेकांच्या छेदाने वर-खाली गुणा. आणि लगेच शहाण्यांसाठी दुसरी: छेद आधी सामाईक विभाजकाने भागून घ्या आणि मग त्या लहान झालेल्या संख्यांची अदलाबदल करून गुणा. ५/८ + १/१२ घे. ८ आणि १२ ला ४ ने भागलं, २ आणि ३ उरले. अदलाबदल: ५/८ ला वर-खाली ३ ने, १/१२ ला २ ने. १५/२४ + २/२४ = १७/२४. लसावि आणि गुणक दोन्ही एकदम मिळाले. ४ ऐवजी २ नेच भागलं तरी बिघडत नाही. छेद ४८ येईल आणि शेवटी ३४/४८ ला एकदा काटावं लागेल.

काटाकाटीवरून आठवलं. ८/१२ + ९/१२ या ओळीवर आल्यावर बरीच मुलं ८/१२ चं पुन्हा २/३ करतात, कारण 'अतिसंक्षिप्त रूप द्या' हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काटायचं ते बेरीज झाल्यावर, एकदाच. आणि (८ + ९)/१२ मधला ८ आणि १२ परस्पर काटायचा नाही. काटाकाट पूर्ण अंशाची, त्यातल्या एका तुकड्याची नव्हे. लसावि घेतला म्हणजे काटावं लागणारच नाही, हाही समज काढून टाक: १/६ + ३/१० = ५/३० + ९/३० = १४/३० = ७/१५.

३ + २/५ चं उत्तर ५/५ आलं, तर समज की पूर्ण संख्येला छेद असतो हेच त्याला ठाऊक नाही. ३ म्हणजे ३/१, म्हणजे १५/५. उत्तर १७/५, किंवा न गुणता नुसतं ३ २/५.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत पूर्ण आणि तुकडे वेगवेगळे मिळव. २ १/२ + १ २/३: पूर्णांक ३, तुकडे ३/६ + ४/६ = ७/६. इथे ३ ७/६ लिहून थांबणारे खूप. ७/६ मध्ये एक पूर्ण दडलेला आहे, तो बाहेर काढून ४ १/६. ताळा मराठीतच होतो: १ २/३ म्हणजे पावणेदोनला किंचित कमी, अडीच आणि पावणेदोन सव्वाचार, तेव्हा उत्तर सव्वाचारला किंचित कमी हवं. आहे. आणि अक्षराकडे लक्ष दे. पूर्णांक रेघेच्या बरोबरीने, मोठा लिहायचा. नाहीतर २ ३/४ चं पुढच्या ओळीत २३/४ होतं. चौकडीच्या वहीत अपूर्णांकाला उभी दोन घरं दे.

रोज पंधरा मिनिटं, सहा-सात गणितं, याहून जास्त नको. प्रत्येक गणिताआधी एकच प्रश्न: उत्तर १ पेक्षा मोठं येणार की लहान? पेन्सिल त्याच्याच हातात राहू दे. 'समजलं का?' विचारलंस तर तो 'हो'च म्हणेल. त्याऐवजी तू मुद्दाम एक चुकीचं गणित सोडव आणि चूक कुठे आहे ते त्याला शोधू दे. धाकट्यांना थोरल्यांच्या चुका काढायला फार आवडतं.

या क्रमाने दे:
समच्छेद: ३/८ + १/८ (१/२), ५/९ + ७/९ (१ १/३).
एक छेद दुसऱ्याच्या पाढ्यात: १/३ + १/६ (१/२), ३/८ + १/४ (५/८), ७/१० + २/५ (१ १/१०).
सामाईक काही नाही: १/२ + १/३ (५/६), २/५ + १/३ (११/१५), ३/४ + २/७ (१ १/२८).
तिसरी तऱ्हा: १/६ + १/४ (५/१२), ७/१० + ४/१५ (२९/३०).
तीन एकदम: १/२ + १/३ + १/६. याचं उत्तर बरोबर १ येतं.

बेरीज जमली की वजाबाकीत नवं एकच आहे, हातचा. ४ १/६ − १ २/३ मध्ये १/६ तून ४/६ जात नाहीत, म्हणून ४ मधला एक फोडायचा. सवयीने तो दहा उसने घेईल आणि ११/६ लिहील. इथे एक पूर्ण म्हणजे दहा नाही, सहा षष्ठांश. ३ ७/६ − १ ४/६ = २ ३/६, म्हणजे आपले वरचेच अडीच.