पंखावर दोरे कशाला?

प्रश्न: विमानाच्या चाचणीच्या एका फोटोत पंखभर दोऱ्याचे तुकडे चिकटवलेले दिसले. संगणकावर सगळं काढता येत असताना दोरे कशाला? आम्हाला प्रोजेक्टमध्ये असं काही करता येईल का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर: जरूर करा. संगणकाने काढलेलं उत्तर बरोबर आहे का, हे शेवटी पंखालाच विचारावं लागतं, आणि दोरा ते तिथल्या तिथे सांगतो. हवा पंखाला धरून वाहत असेल तर दोरे मागे सरळ, शांत पडून राहतात. पंखाचा पुढचा काठ उचलत गेलात की बहुतेक पंखांवर मागच्या काठाजवळचे दोरे आधी फडफडतात आणि काही चक्क उलटे वळून पुढे तोंड करतात. तिथे हवा पृष्ठभाग सोडून मागून पुढे फिरते आहे. हे पंखभर पसरलं की स्टॉल, म्हणजे पंखाची उचलून धरण्याची ताकद एकदम घटते! १९८७ मध्ये नासाने एफ-१८ विमानावर सुरू केलेल्या प्रयोगांत, ५५ अंशांपर्यंत नाक वर करून उडताना, दोरे आणि धूर दोन्ही वापरले होते.

आता तुमचा प्रयोग. आपल्या गावात सुताला काय तोटा? पण चादरीचं जाड सूत घेऊ नका, ते स्वतःच हवेला अडवतं. जास्त पीळ असलेला दोरा ताठ राहतो, मंद वाऱ्यात हलतच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात टॉवेलच्या लूपचं कमी पिळाचं सूत मागा. माझ्या मते आपल्याला याहून चांगलं काही मिळणार नाही. दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे पातळ टेपने चिकटवा. एकामागे एक नकोत, पुढच्याने ढवळलेली हवा मागच्याला लागते. ओळी आडव्या सरकवून घ्या. टेबल फॅनचा वारा गरगरत येतो, म्हणून मध्ये स्ट्रॉची चळत उभी करा, सगळ्या नळ्या वाऱ्याच्या दिशेला.

पंख लाकडी करून काळा रंगवा आणि फोटो मंद शटरवर घ्या. शांत दोरा बारीक रेघ उमटवेल, फडफडणारा पांढरा पट्टा होऊन पसरेल. कोन दोन-दोन अंशांनी वाढवून प्रत्येक वेळी एक फोटो काढलात, की हवा नेमकी कुठून सुटू लागली ते पंखावर बोट ठेवून दाखवता येईल.

तेलात पांढरी पूड कालवून पंखावर प्रवाहाच्या रेघा उमटवण्याचीही रीत आहे. फॅनच्या वाऱ्यावर मात्र ती जमत नाही. कॉलेजात विंड टनेल (जोरदार, एकसारखा वारा सोडायचा चाचणीचा बोगदा) असेल तरच तिच्या मागे लागा.