भांड्यावरचं नाव

प्रश्न : नमस्कार ताई, मी इचलकरंजीची, वय ३९. मिस्टर यंत्रमागावर कामाला होते, कोविडच्या दुसऱ्या लाटेत २०२१ ला गेले. त्यानंतर वर्षभरात मला खोकला लागला, वजन ३६ किलोवर आलं, तपासलं तर टीबी आणि तोही साध्या गोळ्यांना दाद न देणारा, एमडीआर. अठरा महिने गोळ्या खाल्ल्या. त्यातल्या एका गोळीनं अंग काळं पडलं, बाजारात बायका वळून वळून बघायच्या. घरात ताट-पेला वेगळा. आता दीड वर्ष झालं मी बरी आहे, रिपोर्ट निगेटिव्ह, शिलाईकाम करते. आजारात झोप यायची नाही म्हणून मुलीच्या जुन्या वहीत काहीबाही लिहायचे. मध्ये तिच्या कॉलेजच्या पोरांनी कोल्हापुरात ओपन माईक ठेवला होता, म्हणजे ज्याला हवं त्यानं माईकवर येऊन आपलं काही म्हणायचं, तिनं मला न विचारताच माझं नाव दिलं. उभी राहिले आणि हे वाचलं :

घरातल्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव.
माझं नाव एकाच पेल्यावर,
तेही आजारपणात,
लाल नेलपॉलिशनं.

खाली उतरले तर एक पोरगी गळ्यात पडली, तिच्या आईला टीबी आहे म्हणाली. तेव्हापासून वाटतंय मी ह्याच्यासाठीच वाचले. पण दीर म्हणतात घरातलं बाहेर कशाला, पोरीचं लग्न व्हायचंय. तिथले एक सर म्हणाले ही कविता नाही, यमक नाही वृत्त नाही. आणि खरं सांगते, कार्यक्रमानंतर चार दिवस मी नुसती रडत होते. हे माझं काम आहे का नुसतं मन मोकळं करणं?

उत्तर : ताई, तुमच्या चार ओळी मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हटल्या आणि मग मांडणीवरची भांडी एकेक उलटी करून बघितली. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, मामाकडून आलेल्या पातेल्यावर मामाचं नाव आणि तारीख. आईचं नाव कुठेच नाही. चाळीस वर्षं ती भांडी घासतेय मी आणि हे कधी दिसलं नव्हतं. तुम्ही दाखवलंत. ही कविता आहे की नाही हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

तरी सरांच्या बोलण्यानं तुम्हाला लागलंय म्हणून सांगते. आपल्याकडे बाईनं आपलं दुःख आधी बोलून काढलंय, लिहिलं गेलं ते फार नंतर. पहाटे जात्यावर बसून सासर, माहेर, पोरं, आजारपण, मेलेली माणसं सगळं ओवीत यायचं, आणि ऐकायला जात्याच्या समोरच्या बाजूला बसलेली दुसरी बाई असायची, बास. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या म्हणणाऱ्या कितीतरी जणींना लिहिता वाचता येत नव्हतं. बहिणाबाईंना तरी कुठे येत होतं? त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातला एक मावसभाऊ टिपून घ्यायचे, आणि पुस्तक निघालं ते १९५२ ला, त्या गेल्यावर. तिकडे अमेरिकेतही हेच. आज ज्याला स्लॅम म्हणतात, म्हणजे ठरावीक मिनिटांत स्वतःची कविता बोलायची आणि समोर बसलेल्या साध्या प्रेक्षकांनीच मार्क द्यायचे, ते शिकागोच्या ग्रीन मिल नावाच्या बारमध्ये १९८६ ला मार्क स्मिथनं सुरू केलं, आणि तो बांधकामावर काम करणारा माणूस होता. कविता फक्त शिकलेल्यांच्या खोलीत अडकून पडलीय हे त्याला सहन होत नव्हतं. यमक वृत्त शिकावंसं वाटलं तर जरूर शिका, त्यात मजा आहे, पण परवानगी म्हणून शिकू नका.

आता ते चार दिवसांचं रडणं. ह्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. मला २०१६ ला ब्रेस्ट कॅन्सर झाला, केमो संपल्यावर सात-आठ महिन्यांनी पुण्यात एका कॅफेच्या गच्चीवर मी पहिल्यांदा त्यावरची कविता बोलले. टाळ्या पडल्या, लोकांनी मिठ्या मारल्या, रिक्षात बसून घरी येईपर्यंत हवेत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठवेचना. अंग मोडून आलं अगदी तापासारखं. मला वाटलं चूक केली, उगाच जखम उघडली. आता वाटतं की असं होणारच. दीड वर्ष तुम्ही घरात गप्प राहून जे सांभाळलंत ते एका संध्याकाळी चारचौघात बोललात, शरीर ते लगेच कसं पचवेल? म्हणून मी आता एक नियम पाळते, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काही काम ठेवत नाही, आणि एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेवते की सकाळी फोन कर, फक्त चहा काय केलास एवढंच विचार. तुम्ही पण मुलीला सांगून ठेवा. पण ताई, रडणं दोन आठवडे थांबलंच नाही, झोप गेली, जगावंसं वाटत नाही असं मनात आलं, तर कवितेवर ते ओझं टाकू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. कविता केमोच्या जागी चालत नाही, गोळ्यांच्या जागी चालत नाही, तशी ह्याच्याही जागी चालत नाही.

दिरांचं म्हणणं मला पटत नाही पण त्यांची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. टीबी म्हटलं की आजही स्थळं मागे फिरतात, मी बघितलंय. पण जिच्या लग्नाची काळजी चाललीय तिनंच तुमचं नाव दिलं होतं ना? मग तिच्याशी बसून बोला, दिरांशी नंतर. कुठली गोष्ट तुमची आणि कुठली तिची हे दोघी मिळून ठरवा. पेला तुमचा आहे, तुम्ही तो जगाला दाखवा. वडील गेले तेव्हा ती कशी वागली हे तिचं आहे, ते तिला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि आयोजकांना आधीच स्पष्ट सांगा की व्हिडिओ टाकायचा नाही, किंवा मला दाखवून टाकायचा. खोलीतल्या पन्नास माणसांसमोर बोलणं वेगळं आणि कोणीतरी तीस सेकंदांची रील कापून गावभर फिरवणं वेगळं. माझ्या एका कवितेचं असं झालं, फक्त केस गळल्याचा तुकडा फिरला आणि पुढे मी जे हसून बोलले होते ते गेलंच. तेव्हापासून मी माईक हातात घ्यायच्या आधी हे बोलून घेते, आणि कोणी नाराज झालं तरी चालतं.

ह्याच्यातच एक धोका आहे, तोही सांगते. लोक रडतात ते बघून आपल्याला पुढच्या वेळी अजून दुःखाचं बोलावंसं वाटतं. मग हळूहळू आपण फक्त आजारी बाई म्हणूनच स्टेजवर जायला लागतो. अमेरिकेतल्या अँड्रिया गिब्सन या कवीची मला इथे फार आठवण येते. स्टेजवर कविता बोलण्यात आयुष्य घातलं, २०२१ ला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, २०२३ ला कोलोरॅडो राज्यानं राजकवी नेमलं आणि जुलै २०२५ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी निधन झालं. आजार कळल्यावरच्या त्या चार वर्षांतल्या कवितांमध्ये मरणाची भीती आहेच, पण प्रेम आणि जगण्याचं आश्चर्य त्याहून जास्त आहे. मी त्या माझ्या वाईट दिवसांत हेडफोन लावून ऐकल्यात. तुमच्या वहीत शिलाई मशीनवर, पोरीवर, इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटावर काही असेलच की. तेही काढा बाहेर.

एक अगदी कामाची गोष्ट. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण राहतात आणि बऱ्याच जणांना दम पुरत नाही, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला वाटतं तुम्हालाही जाणवत असेल. ओळ लांब असेल तर अर्ध्यात श्वास तुटतो आणि मग माणूस घाबरतो. तर कविता मोठ्यानं म्हणा आणि जिथे श्वास आपोआप घेतला जातो तिथे पेन्सिलीनं रेघ मारा, आणि ओळ तिथेच तोडा. तुमची 'तेही आजारपणात' ही ओळ एवढीशी आहे, कदाचित दमामुळेच तशी झाली असेल, आणि त्या थांबण्यातच ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. आवाज चढवायची गरज नाही, माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, तो करेल काम. बसून बोला हवं तर.

आणि हे तुमचं काम आहे का, ह्याचं उत्तर मी देण्याआधी तुमच्या गळ्यात पडलेल्या त्या पोरीनं दिलंय. तिची आई कुठे बसते ते बघा. ती ओपन माईकला येणार नाही, ती सरकारी दवाखान्याच्या बाहेर बाकावर ओढणीनं तोंड झाकून बसली असेल, तिचंही अंग काळं पडलं असेल आणि तिला कोणी सांगितलं नसेल की हे त्या गोळीमुळे आहे आणि गोळी बंद झाल्यावर हळूहळू, महिने लागतात पण, उतरतं. बऱ्या झालेल्या पेशंटना ट्रेनिंग देऊन नव्या पेशंटशी बोलायला पाठवतात, टीबी चॅम्पियन म्हणतात त्यांना, तुमच्या टीबी युनिटला किंवा आशाताईंना विचारा. तुमची वही घेऊन त्या बाकावर एक सकाळ जा. पेल्याची कविता म्हणा, टाळ्या नाही पडणार कदाचित, पण कोणीतरी म्हणेल की माझ्या ताटावर तर नाव पण नाही, नुसती खूण केलीय. ते तुमच्या वहीत तिच्या शब्दांत लिहून घ्या, तिला विचारून. मला तुमचं काम इथे दिसतं, स्टेजवर अधूनमधून जालच.

प्रश्न : माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी लकवा मारला, उजवा हात आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण पाणी म्हणायला पण शब्द सापडत नाही आणि चिडतात. पण संध्याकाळी हरिपाठ लागला की अख्खा अभंग स्पष्ट म्हणतात! गावातले लोक म्हणतात नाटक करतात. आधी ते भजनात स्वतः पदं रचायचे. आता परत काही करू शकतील का? — एक सून, परभणी

उत्तर : नाटक अजिबात नाही, आणि हे गावातल्या लोकांना तुम्ही ठणकावून सांगा. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचे शब्द जुळवायचं काम डाव्या बाजूला चालतं, लकव्यानं तिथे इजा झाली की उजवा हात आणि वाचा एकदम जातात. पण चाल, सूर आणि लहानपणापासून तोंडपाठ झालेलं हे दुसऱ्या वाटेनं येतं, ती वाट शाबूत असू शकते. ह्याच गोष्टीवर १९७३ पासून एक उपचारपद्धत आहे, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी, त्यात रोजच्या लागणाऱ्या छोट्या वाक्यांना चाल लावतात आणि डाव्या हातानं ताल धरत पेशंटला म्हणायला लावतात, मग चाल हळूहळू कमी करत नेतात. सगळ्यांना सारखा फायदा होतो असं नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टला दाखवाच, जिल्हा रुग्णालयात विचारा, मुंबईत वांद्र्याला सरकारची अली यावर जंग संस्था ह्याच कामासाठी आहे.

घरी एवढं करा की हरिपाठानंतर लगेच, सूर अंगात असतानाच, त्यांच्या डाव्या हाताखाली पाट ठेवा, ताल धरू द्या आणि त्याच चालीत 'पाणी हवं' म्हणा. घाई करायची नाही, त्यांचा शब्द तुम्ही पूर्ण करायचा नाही, हे फार अवघड जातं पण पाळा. त्यांची जुनी पदं भजनी मंडळात कोणाला पाठ असतील तर त्यांना घरी बोलवा, सगळ्यांबरोबर म्हणताना त्यांचा आवाज आपोआप निघेल. नवीन पदाचं आत्ताच विचारू नका. एखाद्या संध्याकाळी जुन्या पदात एखादा शब्द वेगळा लागेल, मंडळातले म्हणतील चुकला, तुम्ही तो शब्द लिहून ठेवा.