अल्टरनेटर घरी बदलता येतो, पण आधी अर्थिंगची तार तपासावी

आपण विचारले आहे की, मालवणात किनाऱ्यालगत राहता, गाडीचे इंजिन चालू असतानाही बॅटरीचा लाल दिवा मंद जळत राहतो, गॅरेजमध्ये अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग) बदलायला सांगितला आहे, तर तो घरच्या घरी बदलता येईल का. येईल; अल्टरनेटर वरूनच हाताला लागत असेल, तर ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी नवा अल्टरनेटर विकत घेण्यापूर्वी मी तारा तपासल्याशिवाय राहणार नाही.

त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू केल्यावर तिच्यावर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. तेवढे येत नसतील, तर मीटरची काळी तार अल्टरनेटरच्या उघड्या धातूला लावून त्याच्या मागच्या जाड तारेच्या नटावर मोजावे. तिथे 14 आणि बॅटरीवर 12.8 दिसत असतील, तर चोर मधल्या तारेत किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या तारेत, आहे. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि अल्टरनेटरचा उघडा धातू यांत मोजल्यावर 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंग खराब आहे असे समजावे. वरून ठीक दिसणारे थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) बोल्ट काढून उलटे केले की, खालच्या बाजूला हिरवट भुकटी धरलेली सापडते. पॉलिश पेपरने ते चकचकीत करून पुन्हा घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलिन लावावे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघण्याची जुनी युक्ती मात्र करू नये. व्होल्टेज एकदम उसळून गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जाऊ शकतो.

अल्टरनेटरच गेलेला निघाला, तरी पुष्कळदा कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा बेअरिंग एवढेच बदलावे लागते, आणि अनोळखी बनावटीच्या नव्या अल्टरनेटरपेक्षा मी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मूळचाच दुरुस्त करून घेणे पसंत करीन. नवा घ्यायचाच असेल, तर अँपिअर, पुली (बेल्टचे चाक) आणि कपलर (तारांचा प्लग) जुन्याशी ताडून पाहावेत.

खोलताना सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, कारण अल्टरनेटरची जाड तार चावी बंद असतानाही जिवंत असते आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. बेल्टच्या मार्गाचा फोटो काढून ठेवावा. अल्टरनेटर ज्यावर बसतो त्या ॲल्युमिनियमच्या कानात लोखंडी बोल्ट आपल्याकडे हमखास जाम होतो, म्हणून गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारावे. पान्याला पाइप लावून जोर केला, तर कानच तुटतो. खालून हात घालावा लागत असेल, तर गाडी नुसत्या जॅकवर किंवा अंगणातल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर कधीही टेकवू नये. चिरा भिंतीत कितीही टिको, एका जागी भार आला की तो फुटू शकतो. जॅक स्टँडच हवेत.

बसवताना बेल्टचा ताण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. फार आवळला, तर नवे बेअरिंगही लवकर जाते. जाड तारेवरची रबरी टोपी आठवणीने परत चढवावी. बॅटरी पार उतरली असेल, तर ती आधी चार्जरवर भरून घ्यावी, ते ओझे नव्या अल्टरनेटरवर टाकू नये. मग हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा व्होल्ट मोजावेत.