दहावीच्या गणितात उत्तर बरोबर येऊनही गुण कुठे जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा कोल्हापुरात राज्य मंडळाच्या दहावीला आहे, पूर्वपरीक्षेत बीजगणिताची बहुतेक उत्तरं जुळली, तरी ४० पैकी २७च पडले. परीक्षक नेमकं काय बघतात आणि आता काय करावं?

शेवटच्या ओळीतल्या उत्तराला बहुतेक वेळा अर्धाच गुण असतो. बाकीचे सगळे वरच्या पायऱ्यांना. तपासणाऱ्याकडे नमुना उत्तरं असतात आणि त्यांत पायरीपायरीसमोर अर्धा, एक असे गुण टाकलेले असतात. मुलाने तोंडी केलेली पायरी कागदावर नसेल तर तिचा गुण द्यायचा कशाला? शाळेतले सर मुलाला ओळखतात, म्हणून कधी सांभाळून घेतात. मंडळाच्या परीक्षकाला फक्त कागद दिसतो.

एक ४ गुणांचं उदाहरण घेऊ. एका दुकानदाराने १२,००० रुपयांचे कोल्हापुरी चपलांचे काही जोड घेतले. जोडाचा भाव १०० रुपयांनी कमी असता, तर तेवढ्याच पैशांत ४ जोड जास्त आले असते. एका जोडाचा भाव काढा.

भाव विचारलाय म्हणून मुलं भावच क्ष मानतात. चूक नाही, पण समीकरण येतं क्ष² − १००क्ष − ३,००,००० = ०, आणि तीन लाखाचे अवयव पाडण्यात पाच मिनिटं जातात. मी जोडांची संख्या क्ष मानायला सांगेन. मग मूळ भाव १२,०००/क्ष, नवा भाव १२,०००/(क्ष + ४), आणि

१२,०००/क्ष − १२,०००/(क्ष + ४) = १००

सरळ रूप देऊन क्ष² + ४क्ष − ४८० = ०, म्हणजे (क्ष + २४)(क्ष − २०) = ०. क्ष = −२४ किंवा २०. जोडांची संख्या ऋण नसते, म्हणून क्ष = २०. भाव १२,००० ÷ २० = ६०० रुपये.

गुणांची वाटणी साधारण अशी पडते: क्ष काय ते मानणं अर्धा, दोन भाव क्ष मध्ये लिहिणं अर्धा, समीकरण एक, सरळ रूप अर्धा, अवयव अर्धा, ऋण किंमत कारण देऊन सोडणं अर्धा, भाव काढून एककासह लिहिणं अर्धा. आता बघा, ज्याने ‘क्ष मानू’ लिहिलं नाही, −२४ चा उल्लेखच केला नाही आणि २० वर थांबला, त्याचं गणित ‘बरोबर’ असूनही दीड गुण गेला. घरी येऊन तो सांगणार, उत्तर आलं होतं! आणि विचारलेला भाव त्याने काढलेलाच नसतो. असा प्रकार दोन-तीन प्रश्नांत झाला की ४ गुण कुठे गेले ते कळत नाही.

याच गणितात दुसरी चूक वजाबाकीच्या दिशेची. कमी भाव आधी लिहून त्यातून जास्त भाव वजा केला, की क्ष² + ४क्ष + ४८० = ० येतं. विवेचक (वास्तव मुळं आहेत की नाहीत ते सांगणारी संख्या) १६ − १९२०, म्हणजे ऋण, वास्तव मुळं नाहीतच. इथे मुलं मागे जाऊन समीकरण तपासण्याऐवजी गुपचूप ४८० चं चिन्ह बदलतात. परीक्षकाला ते लगेच दिसतं, आणि मग समीकरणाचा गुणही जातो, पुढचेही धोक्यात येतात. उलट पद्धत बरोबर असून एखादी बेरीज चुकली, तर सहसा त्या पायरीपुरतंच नुकसान होतं. म्हणून चुकलेलं काट मारून तसंच खाली पुढे लिहावं. गिरवून आकडा बदलू नये, ३ चा ८ केला की वाचणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत.

सांख्यिकीत मध्यक काढताना एक चूक दरवर्षी ठरलेली: सूत्रात मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता (तिथपर्यंतच्या वारंवारतांची बेरीज) घ्यायची असते, मुलं मध्यकीय वर्गाचीच घेतात. समजा एकूण वारंवारता ५०, मध्यकीय वर्ग ३०–४०, त्याची वारंवारता १२, आधीची संचित २०. मध्यक = ३० + (२५ − २०)/१२ × १० = ३४.१७ (सुमारे). चुकून ३२ (२० + १२) घेतली तर २४.१७ येतं, आणि ते ३०–४० मध्ये बसतच नाही. उत्तर त्या वर्गातच पडलं पाहिजे, एवढी तपासणी दहा सेकंदांची. कोष्टकाचे रकाने पट्टीने आखा, कारण कोष्टकालाही गुण असतात.

संभाव्यतेत थेट ‘१/६’ लिहून मोकळं होणं महागात पडतं. नमुना अवकाश (सगळ्या शक्य निकालांचा संच), त्याची घटक संख्या, घटनेचा संच, तिची घटक संख्या, मग भागाकार. हे सगळं लिहायचं.

भूमितीचं वेगळं. तिथे कंसातलं कारण म्हणजेच गुण. ‘△एबीसी ∼ △पीक्यूआर’ लिहिल्यावर पुढे ‘(कोको कसोटी)’, म्हणजे दोन कोन समान म्हणून त्रिकोण समरूप, हे कारण हवं, आणि शिरोबिंदूंचा क्रम जुळला नाही तर बाजूंची गुणोत्तरं सगळी उलटीपालटी होतात. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती लागतेच. त्रिकोणमितीत अवनत कोन डोळ्याच्या पातळीवरच्या आडव्या रेषेपासून खाली मोजतात. मुलं तो मनोऱ्याच्या उभ्या रेषेपासून दाखवतात आणि ६० च्या जागी ३० चं काम करून बसतात. रचनेत कंपासचे कंस पुसू नयेत. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना मध्यबिंदू पट्टीने मोजून घेतात, तिथे लंबदुभाजकाचे गुण जातात. पडताळा सोपा आहे: त्रिज्या ३ सेमी, बिंदू केंद्रापासून ५ सेमीवर असेल, तर स्पर्शिकाखंड ४ सेमी भरला पाहिजे.

वेळेचं गणित: ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. बहुपर्यायी चार प्रश्नांत फक्त पहिला प्रयत्न धरतात, त्यामुळे खाडाखोड नको, आणि पर्यायाचं अक्षर लिहायलाच हवं. कृतीच्या प्रश्नात चौकटीतले आकडे नुसते न लिहिता पूर्ण कृती उतरवून चौकटी भराव्यात. पाचवा प्रश्न ३ गुणांचाच आणि डोकं खाणारा; तो शेवटी. त्याच्यापायी चौथ्यातला ४ गुणांचा प्रश्न अर्धवट सोडणं तोट्याचं.

आता करायचं काय? पूर्वपरीक्षेची तीच उत्तरपत्रिका काढा. गेलेल्या १३ गुणांतल्या प्रत्येक अर्ध्या गुणासमोर मुलाकडूनच तीनपैकी एक अक्षर लिहून घ्या: ‘ल’ म्हणजे लिहायचं राहिलं, ‘ह’ म्हणजे हिशेब चुकला, ‘न’ म्हणजे येतच नाही. उत्तरं जुळलीत म्हणता, म्हणजे ‘ल’ जास्त निघतील, आणि त्यासाठी नवीन क्लास लागत नाही. रोज ४ गुणांचा एक प्रश्न १२ मिनिटांत सोडवायचा, मग पायऱ्यांना त्यानेच लाल पेनाने अर्धा-अर्धा गुण द्यायचा. ‘न’ निघाले तर मात्र त्या धड्यासाठी सरांकडे बसावं लागेल. तिथे लिहिण्याची सवय उपयोगाची नाही.