फुकटच्या १५ जीबीत दुकानाची बिलं

भावा, गूगलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज मिळून असतात. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच. जागा भरली की मेल येणंच बंद. त्यामुळं लग्नाचे व्हिडिओ तिथं नकोत, बिलं नि जीएसटीचे कागदच ठेव. सीएंना देताना फोल्डरवर शेअर दाबून त्यांचा ईमेल टाक, हक्क फक्त 'व्ह्यूअर', म्हणजे नुसतं बघायचा. लिंक सगळ्यांना खुली ठेवलीस तर ती फिरेल तिथं कागद उघडे.

आणि सिंक, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नि ड्राइव्हवरच्या फायली आपोआप सारख्या राहणं, हा बॅकअप न्हवं. कॉम्प्युटरच्या ड्राइव्ह फोल्डरातनं फाईल उडवलीस की ऑनलाइन ड्राइव्हवरचीही ट्रॅशमध्ये, ३० दिवसांनी कायमची गेली. एक प्रत पेनड्राइव्हवर, तीही घरी माडीवर ठेव. २०१९ च्या पुरात कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला पाणी कुठवर होतं, आठवतंय न्हवं?