बिस्किटांचे तीन डबे आणि नवा स्कॅनर

प्रश्न : वडिलांचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या तीन डब्यांत आहेत. एकात ३५ एमएम कृष्णधवल, दुसऱ्यात १२०च्या (त्याहून रुंद रोलच्या) चौकोनी कृष्णधवल, तिसऱ्यात १९८५नंतरच्या रंगीत. माझ्याकडे प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म ८१०० हा फिल्म स्कॅनर आहे. रंगीतपैकी तीनेकशे फ्रेम झाल्या, पण ठिपके पुसण्यात रात्री जातात. आता त्यांचाच नवा ८३००आय आलाय. जुना विकून तो घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जुना आधी विकू नका. बाकीचं डबे बघून ठरवू.

नंबरापुढचा तो ‘आय’ म्हणजे इन्फ्रारेड. रंगीत फिल्म धुतली की तिच्यात चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात आणि त्यांतून इन्फ्रारेड किरण आरपार जातात. धूळ आणि ओरखडे मात्र ते अडवतात. म्हणून मशीनला घाण कुठे आहे ते वेगळं कळतं आणि सॉफ्टवेअर तेवढंच बुजवतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं. तिथे इन्फ्रारेड लावलंत तर मशीन तुमच्या आत्याच्या केसांनाही धूळ समजेल. त्यामुळे पहिल्या डब्यासाठी नव्या मशीनचा उपयोग शून्य. उटीच्या कारखान्यातले इंदू रोल निघतील बहुतेक त्यात. ब्लोअर आणि मऊ ब्रश घ्या, तुमचा ८१०० पुरे.

दुसऱ्या डब्याला दोन्ही मशीनं निरुपयोगी, कारण दोन्हींत फक्त ३५ एमएम जाते. त्यासाठी एप्सन व्ही६००सारखा १२०चा होल्डर असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर बघा. निगेटिव्ह मोठी असल्यामुळे २४०० डीपीआयलाही (इंचाला २४०० पिक्सेल) एका बाजूला ५,३००च्या आसपास पिक्सेल मिळतात. फ्लॅटबेड त्यातला सगळा तपशील खरा देत नाही, हे मान्य. तरी बारा इंची प्रिंट झकास निघते.

राहिला रंगीत डबा. फ्रेम मोजा. दोनशे उरल्या असतील तर मुकाट्याने हातानेच पुसा. दोन-तीन हजार असतील तर हिशेब बदलतो : ठिपके पुसायला फ्रेममागे पाच मिनिटं धरली तरी तीन हजारांना अडीचशे तास. तेव्हा ‘आय’ जरूर घ्या. इन्फ्रारेडची फेरी वेगळी होते, स्कॅनला वेळ जास्त लागतो. पण तो मशीनचा जातो, तुमचा नाही. बुरशीने इमल्शनच, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थरच खाल्ला असेल तर मात्र फार आशा धरू नका. कोकणातल्या डब्यात ती असणारच.

७२०० डीपीआयच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. तो तुमच्या ८१००च्या खोक्यावरही आहेच. मी एका मित्राच्या तसल्याच मशीनवर आजीचा वृंदावनापाशी काढलेला फोटो ३६००ला आणि ७२००ला स्कॅन करून पाहिला. नऊवारीच्या काठातले धागे दोन्हीकडे तेवढेच दिसले. ७२००ला फिल्मचे दाणे जाडजूड झाले आणि ४८ बिटची फाइल शंभर एमबीची चारशेवर गेली, एवढाच फरक! माझं स्वतःचं मशीन निकॉनचं कूलस्कॅन ५, सेकंडहँड, ४००० डीपीआयचं. निकॉनने ही मशीनं कधीच बंद केली, सॉफ्टवेअरही पुढच्या विंडोजसाठी काढलं नाही. मी व्ह्यूस्कॅन या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालवतो. बिघडलं तर सुटे भाग नाहीत, म्हणून ते घ्या असं कुणाला सांगत नाही.

पुढच्या रविवारी मशीन सोडा आणि तिन्ही डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा बेसच, म्हणजे खालची प्लॅस्टिकची पट्टीच कुजायला लागलीय. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा आणि आहे त्या ८१००वर आधी त्याच स्कॅन करा. १२०च्या असतील तर मात्र फ्लॅटबेडसाठी दिवाळीच्या सेलची वाट बघू नका.